सात पेरांचा माणूस

आमच्या काकांनी कुणालाही प्रश्न विचारला की त्यांचा उजवा अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर जाऊन बसायचा आणि मोजायला लागायचा. करंगळीची तीन, अनामिकेची तीन, आणि मधल्या बोटाचं पहिलं. सात पेरं. तेवढ्यात उत्तर आलं तर आलं, नाहीतर काका "बाद!" म्हणून शेजारच्याला विचारायचे. मागाहून तुम्ही उत्तर घेऊन जिन्यापर्यंत त्यांच्यामागे धावलात तरी ते घेत नसत. "तुझी वेळ गेली, बावा," एवढंच म्हणायचे. डायरेक्टर असो, फिजिक्सचे सर असोत की चहा आणणाऱ्या बाई असोत, सगळ्यांना एकच माप.

मी पहिल्याच दिवशी बाद झाले. मी नवीन, साडी नवीन, पर्स नवीन. काकांनी विचारलं, "मॅडम, स्टुडिओत दिवसाला किती तासांचं रेकॉर्डिंग होते?" मी आपली प्रामाणिकपणे विचार करायला लागले, की सोमवारी जास्त असतं, शनिवारी कमी, सरासरी काढावी का? "बाद!" आणि ते कॅमेरावाल्याकडे वळले. तो म्हणाला, "नौ घंटे." धादांत खोटं! पण काकांनी 'नऊ' लिहून घेतलं आणि निघून गेले. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली. आमच्याकडे माणसाला प्रश्न विचारायच्या आधी बसायला सांगतात, पाणी विचारतात, घरची खुशाली विचारतात. हा कोण टिकोजीराव लागून गेला, असं माझ्या मनात आलं. मनात कसलं, तोंडावरही आलं. कॅमेरावाला हसला. "मॅडम, आदत डाल लीजिए," तो म्हणाला.

भोपाळच्या महाराणा प्रताप नगरात आमचा कोचिंग क्लास. चार मजली इमारत, खाली पोहे-जिलबीची गाडी, वर इंजिनीयर-डॉक्टर होऊ घातलेल्यांची गर्दी. तिसऱ्या मजल्यावर आमचा स्टुडिओ. तिथे सर लोक फळ्यासमोर उभे राहून शिकवायचे, आम्ही ते टिपायचो, आणि मग सतना-रीवाकडची मुलं घरी बसून मोबाइलवर ते बघायची. ह्या विभागाची मी प्रमुख. विभागात मी, दोन कॅमेरावाले आणि एक एसी. काका 'सिस्टमवाले'. म्हणजे कॉम्प्युटर, वायरी आणि मुख्य म्हणजे जिच्यात सगळी व्याख्यानं साठवलेली असायची ती पेटी, हे सगळं त्यांच्या ताब्यात.

काकांचे वडील नागपूरच्या सरकारी कचेरीत कारकून. मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला आली तेव्हा ते फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. काका सरकारी क्वार्टरमध्ये वाढले, पुढे अवधपुरीजवळच्या मोठ्या कारखान्यात कॉम्प्युटर विभागात लागले, तिथून रिटायर झाले आणि मग आमच्याकडे आले. साठ वर्षं हिंदी ऐकून, बोलूनही त्यांची नागपुरी जागची हलली नव्हती. "काय करून राहिली?" "काऊन?" "हो ना बावा!" मला आधी ती जीभ खेडवळ वाटायची. आता खोटं कशाला बोलू?

त्यांचं दुसरं वैशिष्ट्य असं, की त्यांना स्वतःला एखादी गोष्ट येत नसेल तर ते ती अभिमानानं सांगायचे. "माहीत नाही. पुढे?" असं ते इतक्या झटकन म्हणायचे, की समोरच्याला वाटावं माहीत नसणं हीच मोठी पदवी आहे. एकदा डायरेक्टरसरांनी पाहुण्यांसमोर मोठ्या कौतुकानं त्यांना विचारलं, "काकाजी, अपना सिस्टम पाँच साल में कहाँ होगा?" काका म्हणाले, "पता नहीं. और कुछ?" पाहुणे खूश झाले, डायरेक्टरसर नाही. पोह्याच्या गाडीवर 'जिलबी घालू का' असं विचारल्यावर जो माणूस 'अं...' करायचा त्याच्या मागून काका हात घालून स्वतःची प्लेट घेऊन जायचे. ऑटोवाल्यानं 'अवधपुरी' ऐकून आकाशाकडे पाहिलं की काका दुसऱ्या ऑटोत बसलेले असायचे.

फक्त फोनवर ते वेगळे. रोज साडेअकराला आणि चारला त्यांना घरून फोन यायचा. कानाला लावून ते खिडकीशी उभे राहायचे आणि मिनिटंच्या मिनिटं एक शब्दही बोलायचे नाहीत. शेवटी "हो", किंवा "आणतो", आणि संपलं. आम्ही म्हणायचो, काकूंची तोफ चालू झाली की काकांची बोलती बंद! मीच म्हणायचे, आणि मीच मोठ्यानं हसायचे.

आता त्या पेटीबद्दल सांगते, कारण सगळं रामायण तिच्यावरून घडलं. पेटीत आठ डिस्का शेजारी शेजारी बसवलेल्या. ह्या मांडणीला 'रेड' म्हणतात. कॅमेरावाले त्यावरून इन्कम टॅक्सचे विनोद करायचे. गंमत अशी, की आठांपैकी एक डिस्क मेली तरी बाकीच्या सात मिळून तिच्याजवळची माहिती जुळवून देतात. दोन मेल्या की मात्र खेळ खलास, सगळंच जातं. हे मला काकांनी पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, सातव्या पेराच्या आत.

पेटी नवीन घ्यायची ठरली तेव्हा त्यांनी मला एका चिठ्ठीवर डिस्कचा नंबर लिहून दिला. "हाच नंबर पाहिजे. ह्याच्याशी मिळताजुळता नाही, हाच."

मी डीलरला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, ये वाली पंद्रह दिन में आएगी. वैसी ही दूसरी है, घर के कम्प्यूटर वाली. आज शाम को भिजवा दूँ?" तिकडे केमिस्ट्रीच्या सरांचं नवं रेकॉर्डिंग सोमवारी सुरू व्हायचं होतं, जुनी पेटी भरली होती, आणि मला ह्या नोकरीत कायम व्हायचं होतं. पंधरा दिवस कोण थांबणार? मी म्हटलं, पाठवा. ऑर्डरवर सही केली. माझी सही मोठी आहे, दोन ओळी व्यापते.

काकांनी डिस्क हातात घेतली, लेबल वाचलं आणि विचारलं, "ह्या कशा आल्या?"

"डीलरनं ह्याच दिल्या," मी म्हणाले. हे खरंच होतं. पूर्ण खरं नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. अंगठा हलला नाही. मग म्हणाले, "बसवतो. पण एका महिन्यात बदलून आण. ह्या डिस्का लई विचार करतात."

डिस्क विचार करते म्हणजे काय, असं मी हसत विचारलं. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मला आजही पाठ आहे. डिस्कवर एखादी जागा खराब होते. पेटी तिला विचारते, इथे काय लिहिलंय? घरच्या कॉम्प्युटरची डिस्क एकटी असते, तिच्याजवळच्या माहितीला दुसरा कुणी वाली नसतो. म्हणून ती जिवाच्या आकांतानं पुन्हा पुन्हा वाचून बघते. मिनिट, दोन मिनिटं, हार मानत नाही. पण पेटी थांबते सात-आठ सेकंद. तेवढ्यात उत्तर नाही आलं, की ही मेली असं समजून तिला पंगतीतून उठवते. पेटीसाठी बनवलेली डिस्क शहाणी असते. ती सात सेकंद बघते आणि सरळ सांगते, नाही येत. मग पेटी बाकीच्या सातांना विचारून तेवढं उत्तर जुळवते आणि पुढे जाते. कुणी मरत नाही, कुणी उठत नाही.

"म्हणजे जी प्रयत्न करते तिला हाकलतात, आणि जी हात वर करते तिला ठेवतात?" मी म्हटलं. "हा कुठला न्याय?"

"न्याय कोण म्हणून राहिलं? आठ जणांत काम करायचं तर असंच," काका म्हणाले. "येत नाही हे लवकर सांगावं. बाकीचे असतात ना!" तेव्हा मला कळलं, की हा माणूस पेरं मोजायला कुठे शिकला. कारखान्यात वीस वर्षं डिस्कांबरोबर काढल्यावर माणसाला माणसंही तशीच दिसायला लागत असावीत.

महिन्याभरात बदलून आणते, असं मी म्हणाले. आणि विसरले. विसरले म्हणजे, दर सोमवारी आठवायचं आणि दर सोमवारी दुसरं काहीतरी जास्त महत्त्वाचं असायचं.

हिवाळ्यात चौथ्या क्रमांकाची डिस्क बाद झाली. काकांनी जवळ ठेवलेली एक जादा डिस्क तिथे घातली, दिवसभर पेटीनं तिच्यावर माहिती पुन्हा भरली, निभावलं. काढलेली डिस्क मी डीलरकडे धाडली. त्यानं तपासून परत पाठवली. "मॅडम, डिस्क तो एकदम चकाचक है! आपके अंकल को वहम है." मी ते काकांना जरा चवीनंच सांगितलं. ते म्हणाले, "चकाचकच असते ती. मेली कुठे होती? विचार करून राहिली होती." त्यांनी तिच्यावर 'बाद' अशी चिठ्ठी चिकटवली आणि माझ्याच टेबलाच्या खणात टाकली. "आता तरी नवीन मागव," म्हणाले. मी हो म्हटलं.

मग परीक्षेला तीन आठवडे असताना काका तीन दिवसांची रजा घेऊन नागपूरला गेले. कशाला, ते सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. जाताना दारात उभं राहून बजावून गेले, "पेटी वाजली तर वाजू दे. हात लावायचा नाही. आधी सगळ्याची नक्कल काढायची, मग डागडुजी. मी आल्यावर."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी वाजायला लागली. पीं, पीं, पीं. दोन नंबरची डिस्क बाद झाली होती. आता एका डिस्कसाठी एवढा आकांत कशाला? पण पेटी स्टुडिओच्या भिंतीपलीकडे, आणि केमिस्ट्रीचे सर शिकवताहेत. रेकॉर्डिंगमध्ये बेन्झिनच्या प्रत्येक बंधाबरोबर पीं ऐकू यायचं. सर वैतागले. "मॅडम, इसे बंद कराइए, वरना मैं चला." माझं डोकं मुळात गरम. मी खण उघडला, चिठ्ठी उपटली, डीलरच्या माणसाला बोलावलं आणि म्हटलं, ही चकाचक डिस्क घाला आत. त्यानं घातली. पेटी आनंदानं माहिती भरायला लागली.

आता ही माहिती भरताना पेटी उरलेल्या सातही डिस्का कानाकोपऱ्यातून वाचून काढते, हे मला माहीत नव्हतं. दुपारी जेवायच्या सुमाराला सहा नंबरची डिस्क कुठल्याशा खराब जागी आली आणि विचार करायला लागली. पेटी थांबली सात-आठ सेकंद. बाद. दोन नंबरची आधीच गेलेली, तिच्या जागची अजून भरायचीच होती. एकूण दोन. पडद्यावर वर्षभराची सगळी व्याख्यानं जिथे दिसायची तिथे काहीच नव्हतं. पेटीचं वाजणं मात्र थांबलं.

ती पीं बंद करायचं एक बटण असतं. पेटीच्या मागच्या बाजूला, लाल रंगाचं. मला नंतर दिसलं.

मी काकांना फोन केला. मी काय बोलले मला आठवत नाही. रडत होते, एवढं कॅमेरावाल्यानं नंतर सगळ्यांना सांगितलं. काकांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "पेटी बंद कर. प्लग काढ. उद्या येतो."

ते स्टेशनवरून थेट आले, हातात प्रवासाची बॅग. मला वाटलं, आता आपली खैर नाही. पण त्यांनी स्टूल ओढलं, मला समोर बसवलं आणि म्हणाले, "क्रमानं सांग." मी सांगताना अडखळत होते, मागचं पुढे, पुढचं मागे करत होते. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. कुणी काही मोजत नव्हतं.

मग त्यांनी सहा नंबरची डिस्क काढून एका साध्या, जुन्या कॉम्प्युटरला जोडली आणि तिची नक्कल कोऱ्या डिस्कवर उतरवायला लावली. साध्या कॉम्प्युटरला त्यांनी सांगून ठेवलं होतं, की हिला हवा तेवढा वेळ दे. ती नक्कल नीट उतरली असती, तर दोन नंबरची सोडून सात पुऱ्या झाल्या असत्या आणि सगळं परत आलं असतं. उतरली नसती तर वर्ष बुडालं असतं. एकट्या माझं नाही. सतन्याच्या ज्या मुलांनी शेवटच्या उजळणीसाठी भरवसा ठेवला होता, त्यांचंसुद्धा.

चार दिवस काका त्या स्टुलावर बसून होते. सकाळी नऊला यायचे, संध्याकाळी सहाला जायचे. आकडा सरकायचा, सरकायचा, आणि एका जागी थांबायचा. एक मिनिट. तीन मिनिटं. मी मागे येरझाऱ्या घालायचे. "काका, अडकली का? काढून परत लावू का?"

"ती आठवून राहिली," ते हळू म्हणायचे. "आठवू दे."

पोह्याच्या गाडीवर 'अं' म्हणणाऱ्याच्या हातून प्लेट पळवणारा हा माणूस! मी बघतच राहिले. आकडा पुन्हा सरकायचा आणि ते मान डोलवायचे, एखाद्या पोरानं अडखळत का होईना पाढा पुरा केल्यासारखी. तिसऱ्या दिवशी डायरेक्टरसर स्वतः येऊन गेले. "काकाजी, कब तक?" काका म्हणाले, "पता नहीं." ह्या वेळी 'और कुछ?' म्हणाले नाहीत.

चौथ्या दिवशी दुपारी सगळं परत आलं. सगळं! फक्त गतीच्या नियमांच्या एका व्याख्यानात सव्वा मिनिट पडद्यावर हिरवे चौकोन नाचायचे. त्याखाली एका विद्यार्थ्यानं लिहिलं, 'सर, ये वाला समझ में नहीं आया.' मी काकांच्या पाया पडायचीच बाकी होते. ते बॅग उचलून घरी गेले. चार दिवस ती बॅग ऑफिसातच होती.

सोमवारी मीटिंग झाली. डायरेक्टरसर, हिशेबनीस, काका आणि मी. कुठून तरी डायरेक्टरसरांना कळलं होतं, की डिस्का चुकीच्या होत्या. त्यांनी टेबलावर बोट आपटलं. "ये डिस्कें आईं कैसे? किसका काम है ये?"

उत्तर मला माहीत होतं. दोन शब्दांचं होतं. 'मी मागवल्या.' बस! एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते, भाजीवाला असो की सासू, मी कुणाचं ऐकून घेत नाही. त्या दिवशी ती टाळूला चिकटली. कायम व्हायला पंधरा दिवस राहिले होते. मी विचार करत होते, कसं सांगावं, कुठून सुरुवात करावी, डीलरचं नाव आधी घ्यावं की रेकॉर्डिंगच्या घाईचं. समोर काकांचा हात टेबलावर होता आणि अंगठा करंगळीवर. मी तो बघत होते. करंगळी झाली. अनामिका झाली. अंगठा मधल्या बोटावर आला.

"लगाईं मैंने," काका म्हणाले.

खोटं नव्हतं ते. बसवल्या त्यांनीच होत्या. डायरेक्टरसरांना तेवढं पुरलं. त्यांनी लांब श्वास घेतला, काकांच्या वयाचा उल्लेख केला, अनुभवाचा आदर वगैरे केला आणि म्हणाले, "काकाजी, अब आप घर पे आराम कीजिए." काका "ठीक है" म्हणाले. सातव्या सेकंदाच्या आत. संध्याकाळी सगळ्यांना ईमेल गेला, त्यात संकटाच्या वेळी रेकॉर्डिंग विभागानं दाखवलेल्या धीराबद्दल माझं अभिनंदन होतं. पंधरा दिवसांनी मी कायम झाले. पेढे वाटले.

दोन महिने मी रोज ठरवायचे, आज बोलू. लाज वाटायची. नुसती लाज नाही, भीतीही. आणि खरं सांगते, मध्ये मध्ये मला काकांचा रागही यायचा. कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला? आणखी दोन सेकंद थांबले असते तर मी बोलले असते. कदाचित.

शेवटी एका रविवारी त्यांचा स्क्रू-ड्रायव्हरचा संच पिशवीत घातला, तो ऑफिसात राहिला होता, आणि अवधपुरीला गेले. दार काकांनी उघडलं. "ये. चप्पल तिकडे." घर छोटं, लख्ख. खिडकीशी खुर्चीत काकू बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर निपचित, केस नीट विंचरलेले.

"तीन वर्षं झाली अर्धांगाच्या झटक्याला," काका म्हणाले. "सगळं समजते तिला. शब्द सापडायला वेळ लागते. तेव्हा नागपूरला तिचेच कागद घेऊन डॉक्टरकडे गेलो होतो." मग काकूंना म्हणाले, "ह्या ऑफिसातल्या मॅडम. ती पेटी, त्या."

साडेअकराचा फोन. चारचा फोन. तोफ! माझ्या कानशिलात कुणी मारली असती तर बरं वाटलं असतं.

काकूंनी माझ्याकडे बघून तोंड उघडलं. "स... स..." मी बावळटासारखी मदतीला धावले. "साखर? चहा नको काकू, मी आत्ताच घेऊन आले..." काकांनी हात वर करून मला थांबवलं. "सांगू नको. तिचं तिला सापडून राहिलं." आणि ते मांडीवर हात ठेवून बसले. मीही बसले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा फिरत होता. बाहेर कुणाचा तरी कुकर तीनदा वाजला.

"सही," काकू म्हणाल्या. पुन्हा बराच वेळ गेला. "सही... कोणाची... होती?"

मी काकांकडे बघितलं. म्हणजे ह्या माणसानं घरात सगळी गोष्ट सांगितली होती आणि नाव तेवढं सांगितलं नव्हतं! ते खिडकीबाहेर बघत होते. माझ्या मदतीला येणार नव्हते.

"माझी," मी म्हणाले. "माझी होती, काकू. ह्यांनी दुसऱ्या डिस्का सांगितल्या होत्या. मी घाई केली आणि मीटिंगमध्ये गप्प बसले."

काकूंनी मान हलवली. मग त्यांचे ओठ पुन्हा जुळवाजुळव करायला लागले. ह्या वेळी फार वेळ लागला. "मग... हे... घरी... का?"

मी पर्समधून फोन काढला आणि डायरेक्टरसरांना लावला. तिथेच, त्या दोघांसमोर, आवाज मोठा करून, म्हणजे मला नंतर शब्द फिरवता येऊ नयेत. सगळं सांगितलं. चिठ्ठी, डीलर, सही, खणातली डिस्क. म्हटलं, चूक माझी आहे, मला काढा, पण काकांना परत बोलवा.

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "अरे मॅडम, आप भी ना! रविवार को ये लेके बैठी हैं? छोड़िए, सिस्टम का काम अब एजेंसी को दे दिया है. और सच बोलूँ? डिस्क तो बहाना था. काकाजी आदमी हीरा हैं, पर स्लो बहुत थे. चार दिन लगा दिए, बताइए! एजेंसीवाले बोल रहे थे, हम होते तो दो घंटे में बोल देते कि गया. चलिए, मंडे को मिलते हैं." आणि फोन बंद.

मी फोन पर्समध्ये टाकला. मग काका उभे राहिले. नोकरी गेली तेव्हा ज्याच्या कपाळावर आठी आली नव्हती, तो माणूस लालबुंद झाला होता.

"स्लो?" ते म्हणाले. "मी? मी स्लो?"

"खरंय की!" काकू म्हणाल्या.

एका दमात. न अडखळता. आणि मग खांदे हलवत अशा हसायला लागल्या, की डोळ्यांतून पाणी आलं, पदर घसरला, तरी थांबेनात. काका जागच्या जागी थिजले. रागबिग कुठल्या कुठे गेला. ते हळूच तिच्या खुर्चीसमोर खाली, फरशीवरच बसले.

"काय म्हणाली तू? परत म्हण. म्हण ना," ते म्हणाले. आणि तिच्या तोंडाकडे बघत थांबले.

दोन महिने जिवापाड लपवलेली माझी चूक मी आता दोन जागी कबूल करून बसले होते, आणि ती कुणालाच नको होती. कुणी मला माफही केलं नाही, कुणी रागावलंही नाही. त्या दोघांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. मी स्क्रू-ड्रायव्हरचा संच टीपॉयवर ठेवला, चपला घातल्या आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.